आहे, पण बंद आहे

२ तारीख, सोमवार

आज हॉस्पिटलच्या चादरींत कवळी सापडली. वरची, गुलाबी हिरड्यांसकट. मी ओरडलो तर काका म्हणाले, "ओरडतोस काय, चावली का?"

काका कारखान्यात आमच्या बाजूला बावीस वर्षं आहेत. खोलीतही माझ्या शेजारच्या कॉटवर. त्यांना आता कशाचीच शिसारी येत नाही. मला दोन वर्षं झाली तरी रोज येते. एक दिवस ती यायची थांबेल, या भीतीनेच मी इथून सुटायला बघतोय.

ही वही कॉम्प्युटरवाल्या चष्म्याने लिहायला सांगितली, त्याला सगळे चष्माच म्हणतात. रोज काय शिकलास ते लिही म्हणाला. शिकणं कमी आणि शिव्याच जास्त होतील असं दिसतंय.

आमचा कारखाना कपडे धुण्याचा. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. मधे आडवी भिंत आहे. अलीकडे घाणीची बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू. धुण्याच्या मशिनी भिंतीतच बसवलेल्या, दोन दारांच्या. आम्ही इकडून घाण भरतो, ते तिकडून स्वच्छ काढतात. चादर रोज भिंतीपलीकडे जाते, आम्ही नाही. घाणीच्या बाजूच्या माणसाला तिकडे पाय ठेवायचा नियम नाही. कॉम्प्युटरची खोली तिकडे आहे आणि चष्मा त्या खोलीत बसतो. चादरीच्या कोपऱ्यात शिवलेली चिप वाचायचं आमच्याकडचं यंत्र बंद पडलं होतं, ते मी काडीने साफ करून चालू केलं, तेव्हापासून त्याचा माझ्यावर जीव बसलाय.

त्या खोलीतला त्याचा जोडीदार नोकरी सोडून चाललाय. ती खुर्ची मला मिळू शकते. चोवीस तारखेला मॅनेजरबाईंपुढे करून दाखवायचं. आपल्या लॅपटॉपच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्यावर चादरींची नोंद चालवायची. खरा मोडला तर कारखाना बंद पडेल, म्हणून पोटातल्यावर शिकायचं. चष्म्याने सगळं समजावलं. मी नववीत शाळा सोडली, पण मला समजलं. लॅपटॉप तर आहेच, सात महिने पोटाला चिमटा काढून घेतलेला, कोरा करकरीत.

३ तारीख, मंगळवार

नाही चालला. पोटातला कॉम्प्युटर सुरू करायला गेलं की लाल पट्टी येते. चष्म्याला फोन केला.

"अरे सोपं आहे. तुझ्या प्रोसेसरमध्ये ती सोय आहे, व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. बंद असेल, चालू कर."

"कुठून?"

"मशीन सुरू होताना एफ-टू दाब. निळा पडदा येईल. त्यात एक ओळ असते. दोन मिनिटांचं काम."

दाबलं. निळा पडदा आला. घड्याळ बदलता येतं, पंखा बदलता येतो, सुरू होताना टुंग वाजावं की नाही तेसुद्धा विचारतात. ती ओळ मात्र नाही. तीनदा वरून खाली वाचलं. काकांनाही वाचायला लावलं. ते म्हणाले, "मला चष्मा नाही आणि इंग्रजी नाही, पण तू म्हणतोस तर नसेल."

विकताना खोक्यावर प्रोसेसरचं नाव सोन्याच्या अक्षरांत, आणि त्यातली एक सोय आतून लिंपून टाकलेली. दार नाही, कडी नाही.

५ तारीख, गुरुवार

सुट्टी झाल्यावर कंपनीला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकवली. मग एक ताई आल्या.

"सर, तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय दिलेली नाही."

"ताई, प्रोसेसरमध्ये आहे. मी वाचलंय."

"हो सर, प्रोसेसरमध्ये आहे. लॅपटॉपमध्ये नाही."

"प्रोसेसर कुठे आहे मग?"

"लॅपटॉपमध्ये, सर."

काका उठून बसले. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"सर, हे घरगुती मॉडेल आहे. ती सोय व्यावसायिक मॉडेलमध्ये मिळते."

"त्यात चिप वेगळी असते?"

"नाही सर, तीच."

"मग वेगळं काय?"

"त्यात ती चालू असते, सर."

थू. शेवटी विचारते, आणखी काही मदत करू शकते का? म्हटलं, आणखी म्हणजे? आधी कुठली केलीत?  नंतर त्या बिचारीचं वाईट वाटलं. तिच्या हातात काय आहे, लिहून दिलेलं वाचते. पण लिहून देणारा समोर येत नाही ना कधी. तो स्वच्छ बाजूला.

तेवढ्यात धाकटीचा मेसेज. "दादा, फोनचा कॅमेरा कधी सुरू करणार?" डोकं आधीच तापलेलं. बघू म्हटलं.

८ तारीख, रविवार

सापडली! माझ्यासारखीच फसलेली माणसं सापडली. एक फोरम आहे, त्यावर याच लॅपटॉपवाल्यांचा धागा चाललाय, एकशे चौदा पानांचा. कुणी विद्यार्थी, कुणी मास्तर, एकजण तर म्हणे दवाखाना चालवतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, आमच्या पैशाची वस्तू आहे, आतलं आम्हाला वापरू द्या. कंपनी दर वीस पानांनी येऊन लिहिते, आम्ही आपला अभिप्राय संबंधितांपर्यंत पोचवला आहे. हे संबंधित कुठल्या गुहेत राहतात कोण जाणे.

मीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. जी वस्तू माणसाच्या हातात दिली ती त्याची. देऊन वर कुलूप ठेवणारा हा देणारा नव्हे, मालकी न सोडणारा कद्रू. आणि शेवटी एक शिवी घातली. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी अंगठे दिले. आयुष्यात माझ्या बोलण्याला कुणी अंगठा दिला नव्हता.

धाकटीला लिंक पाठवली. तिचा मेसेज आला, "वाचलं दादा. तुझं सगळ्यात भारी आहे. फक्त ती शिवी काढ, आई विचारतेय शेवटी काय लिहिलंय."

शहाणी आहे. काढली शिवी.

१० तारीख, मंगळवार

आज खिशांचं काम. हॉटेलच्या नोकरांचे गणवेश येतात, मशिनीत भरण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. कंगवे, च्युइंगम, एकदा जिवंत झुरळ. आज एका खिशात चुरगळलेल्या कागदावर कुणीतरी वीस वेळा एकच सही गिरवलेली. कागद ओला होता, कशाने ते विचार न करता टाकला.

घरी फोन केला. आई म्हणाली, "अरे, ती पोर कॅमेऱ्याचं विचारत होती."

"आई, तुला कळत नाही. फोनवर काय काय चालतं ते मला विचार."

"मला नाही कळत, पण ती काय आता लहान आहे का?"

लहान नाहीये म्हणूनच तर. मी पुरुषांच्या खोलीत राहतो, कोण कुणाचे फोटो बघून काय बोलतो ते माझ्या कानांनी ऐकलंय. तिच्यासाठी फोन घरी पाठवला तेव्हा त्यात कुलूप बसवूनच पाठवला. फक्त बोलणं, मेसेज आणि मी ठरवलेली अभ्यासाची चार पानं. कॅमेरा बंद, नवीन काही घालणं बंद. माझ्या फोनवर त्याची हिरवी खूण दिसते, "सुरक्षित". रोज सकाळी कामावर जाताना एकदा बघतो. इतक्या लांबून मला तेवढंच करता येतं.

फोन तिचाच आहे. मी कुठे परत मागतोय?

१२ तारीख, गुरुवार

कंपनीचं पत्र आलं! इंग्रजीत. फोनकडून मराठी करून घेतलं. असं आहे:

"आदरणीय ग्राहक, आपल्या सुरक्षिततेसाठी व अखंड अनुभवासाठी काही सुविधा बंद ठेवण्यात आल्या आहेत. हा निर्णय आपल्या हिताचा विचार करूनच घेण्यात आला आहे. आपल्या समजूतदारपणाबद्दल आभार."

किळस आली.  मी समजूतदारपणा दाखवला कधी, हे आभार मानून मोकळे. माझ्या हिताचा विचार करायला यांना मी कधी सांगितलं? माझं हित यांना कळतं आणि मला नाही? तेव्हा कवळी, आता हे.

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हलकट आहेत. पण भाषा बघ कशी, तुपात घोळवलेली. शिवी देऊन वर नमस्कार."

हे मात्र खरं. वाक्य चांगलं जमवलंय हलकटांनी.

१५ तारीख, रविवार

चष्मा देवमाणूस. गेटवर बोलावून एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी माझ्या मॉडेलचं कुलूप उघडणारा प्रोग्राम करून दिलाय.

"नीट ठेव. माझ्याकडे दुसरी प्रत नाही, आणि उद्यापासून मी आठ दिवस नाहीये. बहिणीचं बाळंतपण आहे, फोनही धड लागणार नाही."

"जिवापेक्षा जपतो."

"जीव राहू दे. खिसा जप."

हसलो दोघं. खोलीवर वीज नव्हती, लॅपटॉपही उतरलेला. उद्या करू म्हणून ठेवलं.

१६ तारीख, सोमवार

पेन ड्राइव्ह गणवेशाच्या आतल्या खिशात होता. डोळ्यांपुढे राहील म्हणून कामावर घेऊन गेलो. सुट्टी झाल्यावर नेहमीसारखा गणवेश काढला आणि नेहमीसारखा गाडीत टाकला. आमचेही कपडे इथेच धुतात.

आठवलं तेव्हा मशिनीचं दार लागलं होतं. नव्वद अंशांवर, जंतुनाशक घालून, चौपन्न मिनिटं. सुरू झाल्यावर दार उघडत नाही, आणि संपल्यावर उघडतं ते पलीकडचं.

स्वच्छ बाजूच्या बाईने खिडकीतून चिमटीत धरून दाखवला. "हे तुमचं का?" पाणी ठिबकत होतं. प्लास्टिक वाकून केळ्यासारखं झालेलं.

मी दिवसाला चारशे खिसे तपासतो. लोकांचे.

 निजायच्या आधी काका म्हणाले, "स्वच्छ मात्र झाला असेल." उशी फेकून मारली.

१८ तारीख, बुधवार

सहा दिवस उरले. चष्म्याचा फोन लागत नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा करून स्टिकर वाचला, म्हणाला, दुसरा घ्या. स्टिकर वाचून सल्ला तर काकांनीही दिला असता.

धाकटीला सगळं रामायण लिहिलं, केळ्यासकट. ती हसली नाही. मॉडेलचा पूर्ण नंबर विचारला, मी दिला. मग खाली लिहिलं, "दादा, कॅमेऱ्याचं काय ठरवलंस?"

इथे माझं घर जळतंय आणि हिला कॅमेरा. रागाने काहीतरी लिहिणार होतो, पण ती दुखावली असती. मग कंपनीचं पत्र आठवलं. म्हटलं, त्या तुपाचा कुणाला तरी उपयोग होऊ दे. तेच थोडं बदलून पाठवलं: "प्रिय धाकटी, तुझ्या सुरक्षिततेसाठी व अखंड अभ्यासासाठी काही सुविधा बंद ठेवण्यात आल्या आहेत. हा निर्णय तुझ्या हिताचा विचार करूनच घेण्यात आला आहे. समजूतदारपणाबद्दल आभार."

मला वाटलं, पोट धरून हसेल.

"बरं," एवढंच आलं.

२० तारीख, शुक्रवार

कंपनीने धागाच बंद केला. नऊ हजार जणांनी सह्या केलेला अर्ज कुणीतरी तिथे चिकटवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. "चर्चा पुरेशी झाल्यामुळे." आता वाचता येतं, लिहिता येत नाही. दवाखानेवाल्याचं शेवटचं वाक्य अर्धवट राहिलंय.

कुलूप का लावलंत असं विचारणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप. किती घाण असावी माणसाच्या मनात, आणि ती बाहेर किती धुतलेली, इस्त्री केलेली. आमच्या बाजूची घाण निदान वास तरी मारते, कळतं तरी.

कामात एक सुई हातमोज्यातून आत गेली. तपासणीला पाठवलं. काही नाही म्हणाले. काही नाही.

२२ तारीख, रविवार

उघडलं!!

सकाळी धाकटीकडून एक फोटो आला. वहीच्या पानाचा, उन्हात धरलेला. कोपऱ्यात आईचा अंगठा. पानावर तिच्या गोल अक्षरात:

"दादा, लॅपटॉप पूर्ण बंद कर. चार्जर लाव. सुरू करायचं बटण दाबलं की लगेच एफ-दहा आणि ए एकदम धरून ठेव. लोगो गेला की सोड आणि मग एफ-टू. डावीकडे एक नवीन पान दिसेल. त्यात तुझी ओळ आहे. फोरमवरचं पान एकसष्ट बघ, एक रेडिओ दुरुस्त करणारे आजोबा आहेत, त्यांनी लिहिलंय. तुझाच मॉडेल नंबर आहे. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत म्हणून कुणी लक्ष दिलं नाही बहुतेक."

तिसऱ्या खेपेला बोटं जमली. निळा पडदा, डावीकडे नवीन पान, आणि त्यात ती ओळ, जणू कधी कुठे गेलीच नव्हती. आहे, पण बंद आहे. मी एंटर दाबला. चालू.

दुपारपर्यंत पोटातला कॉम्प्युटर उभा राहिला. काका बघत म्हणाले, "म्हणजे हा गरोदर होता इतके दिवस आणि डॉक्टर नाही म्हणत होता?"

आनंद तासभर टिकला.  दार लिंपलेलंही नव्हतं. सगळं तिथेच, दोन बटणांच्या मागे. त्यांना माहीत होतं. त्या ताईला नसेल, पण त्यांना होतं. तरी एकशे चौदा पानं लोकांना भीक मागायला लावली.

पोरीच्या डोक्याचं मात्र कौतुक. फोटोही किती स्पष्ट काढलाय.

२३ तारीख, सोमवार

खिसे उलटे करत होतो, हात थांबला.

फोटो.

जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला. हिरवी खूण. "सुरक्षित. कॅमेरा: बंद." मग आठवलं, फोरमची लिंकही तिच्याकडे उघडायला नको होती. तिने तर एकसष्टावं पान वाचलं.

काकांना सांगितलं. ते डबा पुसत होते.

"कुलूप कधीच काढलंय म्हण की."

"मग मागत का होती? दोन दोनदा, तीन तीनदा? उघडाच होता तर मागायचं कशाला?"

"तू काय म्हणालास दर वेळेला?"

"बघू म्हणालो. मग... एक गंमत म्हणून पत्र पाठवलं."

"कुठलं पत्र?"

दाखवलं नाही त्यांना. ते पत्र त्यांनी ऐकलंय ना, मूळचं.

काका म्हणाले, "दार उघडं असतं रे, तरी पोरं विचारतात जाऊ का. जायला नाही विचारत. तुझं तोंड बघायला विचारतात."

आधी वाटलं, फोन करून झापावं. कुणी काढून दिलं? कुठल्या दुकानात गेली होतीस? लिहायलाही घेतलं. वर माझंच वाक्य दिसत होतं, समजूतदारपणाबद्दल आभार, आणि त्याखाली तिचं "बरं". फोन पालथा ठेवला. नंतर मशिनी भरल्या. आज कुठल्याच चादरीची शिसारी आली नाही.

२४ तारीख, मंगळवार

अंघोळ करून, निळे कपडे घालून, पाहुण्याचं कार्ड गळ्यात अडकवून भिंतीपलीकडे गेलो. तिकडे वास नाही. कसलाच नाही. आम्ही भरलेल्या चादरी तिकडे घड्या घालून ठेवलेल्या, ओळखू येत नाहीत.

मॅनेजरबाईंनी चार मिनिटं बघितलं. चष्मा परत आलाय, तो मागे उभा राहून नखं खात होता. नोंद चालली. मुद्दाम एक चूक केली, ती दुरुस्त करून दाखवली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे येतं हे आम्हाला माहीत नव्हतं."

ओठांवर आलं होतं, कधी विचारलंत? पण मलाच ते आतून कुठेतरी टोचलं, म्हणून लॅपटॉप मिटला.

एक तारखेपासून ती खुर्ची माझी.

आईला कळवलं. आई रडली. धाकटी मागून ओरडली, "दादा, पार्टी!"   कॅमेऱ्याचं विचारेल म्हणून वाट बघत होतो. तिने विचारलं नाही.

२५ तारीख, बुधवार

कामावरून आल्यावर ते कुलपाचं ॲप उघडलं. काढून टाका असं बटण शोधायला वीस मिनिटं लागली, चार पानांच्या मागे लपवलंय. मी बसवताना ते बघितलंच नव्हतं. "आपल्या प्रिय व्यक्तीची सुरक्षा काढून टाकायची, नक्की?" नक्की. "कारण निवडा." दिलेल्या कारणांत माझं नव्हतं. इतर वर बोट ठेवलं. हिरवी खूण गेली.

काका बघत होते. म्हणाले, "उघड्या दाराचं कुलूप काढतोयस."

"असू दे. माझ्या बाजूने लागलेलं होतं."

मग तिला लिहिलं. दोनदा लिहून खोडलं. साधं, तूप न लावता:

"धाकटे, कुलूप काढलं."

तिने वाचल्याची खूण आली.  काकांनी आंघोळ उरकली, बाहेर पडले. मी तसाच फोन धरून कॉटवर बसलो होतो. मग आलं:

"कुठलं, दादा?"